‘पकड सारखीच’ म्हणजे कोणावर? टी७ फेजचा पेपर वाचताना

चुंबकी नॅनोकणांवर विषाणू चिकटवून पाण्यातले जिवाणू वेगळे करायचे, असा विषय पीएचडीसाठी घेणार असाल तर ‘नॅनोस्केल’ जर्नलमधला २०१५चा टी७ फेजवरचा पेपर तुमच्या हाती पडेलच. जरूर वाचा, पण सावकाश.

कल्पना झकास आहे. फेज म्हणजे जिवाणूंना गाठणारा विषाणू; तो आपला यजमान बरोब्बर ओळखतो. त्याला कणावर बसवा, नमुन्यात मिसळा, बाहेरून चुंबक लावा, की ई. कोलाय कणांसकट नळीच्या कडेला. एरवी या कामाला अँटिबॉडी वापरतात. फेज स्वस्त पडतो हे लेखकांचं म्हणणं पटतं, कारण तो जिवाणूंच्या कल्चरमध्येच वाढवता येतो. शिवाय त्यांनी दोन्ही कणांची थेट तुलना केली आणि ‘पकड साधारण सारखीच’ असा निकाल सरळ सांगून टाकला. पेपरची ही जमेची बाजू.

पण पकड मोजली कोणावर? ई. कोलाय के-१२वर. वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत वाढलेल्या या स्ट्रेनवर ओ-अँटिजेनच्या साखळ्या नसतात. टी७ला चिकटायला लिपोपॉलिसॅकराइडचा गाभा लागतो आणि इथे तो उघडाच असतो. म्हणजे दार आधीच सताड उघडं! सांडपाण्यातून येणाऱ्या बऱ्याच ई. कोलायवर या साखळ्या शाबूत असतात. तिथे टी७ अडखळतो. मग पवई तलावाच्या किंवा मिठी नदीच्या पाण्यात ‘सारखीच’ हा शब्द टिकेल का? के-१२च्या आकड्यांवरून ते ठरत नाही.

आणखी दोन गोष्टी तपासा. एक, वेळ: सक्रिय टी७ ३७ अंश सेल्सिअसला अर्ध्या तासाच्या आत पेशी फोडतो. पकडलेला जिवाणूच फुटला, तर प्लेटवर मोजणार काय? दोन, नमुना किती: आयएस १०५००प्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय सापडता कामा नये. छोट्या नळीतलं यश तिथे आपोआप लागू होत नाही.

म्हणून प्रपोजलमध्ये क्रम उलटा ठेवा. आधी आपल्या भागातल्या पाण्यातून ई. कोलाय वेगळे करा, प्रत्येकावर फेजचा थेंब टाकून कोण बळी पडतो ते बघा. एक फेज पुरत नसेल तर दोन-तीन वेगवेगळे घ्या. नॅनोकण त्यानंतर. गाइड पहिला प्रश्न यजमानाबद्दलच विचारतील. उत्तर तयार असू द्या.