सुंची खडकावरील बुडित गलबत : एक परीक्षण

सन २०११ च्या पावसाळ्यांत अंधेरीच्या पश्चिमेस जुहू-वेसाव्याच्या वाळूवर दोन जहाजें येऊन लागलीं. पहिलें 'विज्डम', तें अलंग येथें मोडण्यासाठीं ओढून नेत असतां दोर तुटून जून महिन्यांत जुहूला आलें. दुसरें 'पवित' नांवाचें लहानसें तेलवाहू जहाज. याची हकीकत इतिहासाभ्यासकांनीं विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जूनच्या अखेरीस ओमाननजीक खलाशांनीं तें सोडून दिलें. तें बुडालें असाच समज झाला. आणि महिन्याभरानें तें अरबी समुद्र एकट्यानें ओलांडून या किनाऱ्यास टेकलें. समज एक सांगत होता, वस्तु दुसरेंच सांगत होती. पुढें दोन्ही जहाजें ओढून नेण्यांत आलीं.

या किनाऱ्यालगतच्या पाण्यांतून पोर्तुगीज, मराठे व इंग्रज या तिघांचीं गलबतें शतकानुशतकें गेलीं. खाडीच्या मुखाशीं असलेला वेसाव्याचा किल्लाच त्याची साक्ष देतो. तो १७३९ त मराठ्यांनीं घेतला आणि १७७४ च्या अखेरीस सुरू झालेल्या साष्टीच्या मोहिमेंत इंग्रजांकडे गेला. परंतु येथील पाणी गाळानें इतकें गढूळ कीं, बुडी मारणाराला आपलाच हात नीट दिसेल तर नशीब. म्हणून उथळ पाण्यांतील बुडित गलबत पद्धतशीर रीतीनें वाचलें जाण्याचा नमुना पाहावयाचा तर आपल्याला दक्षिणेस, गोव्याकडे वळावें लागतें. मुरगांवच्या उपसागरांतील सुंची खडकावर दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें विसाव्या शतकाच्या अखेरीस जें शोधकार्य केलें व सिला त्रिपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें निबंधरूपानें प्रसिद्ध केलें, त्याचें परीक्षण आम्ही येथें योजिलें आहे.

प्रथम या कामाचें मोल सांगणें न्याय्य होईल. खडकाभोवतीं पाण्याची खोली अवघी तीन ते सहा मीटर. एवढ्या पाण्यांत नुसती श्वासनळी तोंडांत धरून तरंगणारासही तळ दिसूं शकतो, आणि पाठीवर हवेची टाकी घेतलेला पाणबुडा पुष्कळ वेळ खालीं राहूं शकतो. पण हें सुख वरवरचें आहे. खोल पाणी शांत असतें. उथळ पाण्यांत खडकावर फुटणारी लाट माणसाला उचलून आपटते, आणि पावसाळ्यांत तर तेथें फिरकतांच येत नाहीं. अशा स्थितींत या मंडळींनीं लोखंडी तोफा, बंदुकांच्या नळ्या, तुटका नांगर, घडीव दगड, चिनी मातीचीं खापरें, मर्तबान बरण्यांचे तुकडे, हस्तिदंत व पाणघोड्याचे दांत यांची नोंद केली. हें काम कष्टाचें व प्रामाणिक आहे, आणि आपल्याकडे त्याला पूर्वपरंपरा जवळजवळ नव्हती.

यावरून निबंधकार असें अनुमान करतात कीं, हें सतराव्या शतकांतील एक पोर्तुगीज व्यापारी गलबत असून तें आफ्रिकेकडील माल घेऊन येत असावें. अनुमानाचा उत्तरार्ध आम्हांस बळकट वाटतो. हस्तिदंत आपल्या देशांतही मिळे. पण पाणघोडा आफ्रिकेखेरीज कोठेंही नसतो, आणि दोहोंचे दांत एकत्र सांपडणें हा माल कोठून आला याचा उत्तम पुरावा आहे. बरण्यांविषयीं मात्र सावधगिरी हवी. ब्रह्मदेशांतील मर्तबान बंदरावरून त्यांस नांव पडलें हें खरें; तथापि पाणी, तेल, लोणचें ठेवण्यासाठीं त्या पूर्वेकडील सर्वच जहाजांवर असत. बरणी ब्रह्मदेशची म्हणून गलबत ब्रह्मदेशाहून आलें असें कोणी समजूं नये. निबंधकारांनीं तसें समजलेलें नाहीं, हें त्यांच्या विवेकाचें लक्षण होय.

आमचा मुख्य आक्षेप 'एक' या शब्दास आहे. मुरगांव हें चारशें वर्षें गजबजलेलें बंदर. त्याच्या वाटेवरील खडक एकाच गलबताला आपटून स्वस्थ बसला असेल काय? हस्तलिखितांच्या संग्राहकांस बाडाचा अनुभव आहे. एका दोरीनें बांधलेल्या बाडांत तीन हातांचीं अक्षरें, चार प्रकारचे कागद आणि दोन शतकांचें अंतर असूं शकतें. तेथें शेवटच्या पानावरील शक साऱ्या बाडास लावणारास आपण हंसतों. सुंची खडक हें असेंच बाड असण्याचा संभव आहे. पोथीला पुष्पिका असते, गलबताला नसते. लांकडी सांगाडा शिल्लक असता तर त्यानें वस्तु एकत्र धरून ठेवल्या असत्या. पण आपल्या उष्ण, उथळ समुद्रांत लांकूड पोखरणारी कीड उघडा सांगाडा टिकूं देत नाहीं, आणि दर पावसाळ्याची लाट उरलेल्या वस्तूंची सरमिसळ करते. तेव्हां तोफा व दांत एकाच फुटीचे आहेत हें दोघांच्या स्थानांवरून दाखवावें लागेल. केवळ सान्निध्य पुरेसें नाहीं.

कालनिर्णयाविषयीं दुसरें. मर्तबान खापराचें प्रकाशोत्सर्गी पद्धतीनें केलेलें मापन भांडें केव्हां भाजलें तें सांगतें. गलबत केव्हां बुडालें तें सांगत नाहीं. दांताच्या कर्बमापनाचेंही तसेंच. तें प्राणी केव्हां मेला एवढेंच सांगेल. कागदावरील जलचिन्ह कागद केव्हां झाला हें सांगतें, मजकूर केव्हां लिहिला हें नव्हे, हा भेद आपल्या परिचयाचा आहे. बुडाल्याचें वर्ष दप्तरांतच शोधलें पाहिजे. पणजीच्या पुराभिलेखागारांत 'मोन्सोंइश दु रेइनु' या नांवानें राजाशीं झालेल्या पत्रव्यवहाराचे खंड आहेत, डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं याच अभिलेखागाराच्या आधारें मराठे-पोर्तुगीज संबंधांचा इतिहास उभा केला. पाणबुड्याची वही आणि हे खंड समोरासमोर ठेवल्याखेरीज सुंचीचा निकाल लागणार नाहीं.

आतां एक अप्रिय गोष्ट. अलीकडे गोव्यांत व मालवण-तारकर्लीकडे हौसेनें बुडी मारणारे पुष्कळ झाले आहेत. त्यांची हौस आम्हांस निषिद्ध वाटत नाहीं. कित्येक ठिकाणीं बुडित वस्तूची पहिली वर्दी अशाच डोळ्यांनीं दिली आहे. पण तळाची वस्तु उचलून आणणें म्हणजे बाडांतील पान फाडून घेणें. शिवाय समुद्रांत शतकें मुरलेला हस्तिदंत एकदम उन्हांत वाळला तर तडकतो. गोड्या पाण्यांत सावकाश ठेवून त्यांतील मीठ काढावें लागतें. १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षें व इतर वस्तूंस शंभर वर्षें ही मर्यादा घातली आहे. समुद्रतळाची वस्तु त्यांतून सुटत नाहीं. अशी वस्तु विकावयास आली असतां आमच्या वाचकांपैकीं किती जण ती नाकारतील, हा प्रश्न आम्ही स्वतःसही विचारला, आणि उत्तर चटकन् आलें नाहीं हें कबूल केलें पाहिजे.

या दृष्टीनें, जानेवारी २०२४ मध्यें सेवानिवृत्त झालेली 'गुलदार' ही नौदलाची नौका निवती खडकानजीक बुडवून ती पाणबुड्यांस पाहण्यासाठीं ठेवण्याची महाराष्ट्र शासनाची योजना आम्हांस इष्ट वाटते. हौशी मंडळींनीं तिच्या आंत-बाहेर खुशाल फिरावें. तिची जन्मपत्री आपल्या हातीं आहे. सुंचीवर मात्र पुढील उतरणीच्या वेळीं प्रत्येक तोफेचें, दांताचें व खापराचें स्थान खडकाच्या नकाशावर मांडून तो नकाशा वस्तूंच्या यादीसह छापावा, एवढी आमची निबंधकारांस विनंती आहे.