फेंस आणि नांव

फेंसाळ द्राक्षमद्यास सरसकट ‘शँपेन’ म्हणण्याची आपल्या सुशिक्षितांस सवय जडली आहे. वस्तुतः तें फ्रान्सांतील एका प्रांताचें नांव. स्पेनचा कावा, इटलीचा प्रोसेक्को यांचीं कुळें निराळीं. आणि फ्रान्सांतच लिमूच्या फेंसाळ मद्याची परंपरा इ. स. १५३१ पर्यंत मागें नेली जाते.

नारायणगांवीं श्यामराव चौगुले यांनीं १९८० नंतरच्या दशकांत बाटलींतच दुसऱ्यांदा आंबविण्याची रीति पाळून असें मद्य काढलें व ‘ओमर खय्याम’ या नांवानें विलायतेस पाठविलें. तरी त्याची ओळख ‘हिंदी शँपेन’ अशीच राहिली. आज आमच्या जिल्ह्यांत अकलूजकडे ‘फ्रातेल्ली’चें फेंसाळ मद्य शेनँ ब्लाँ द्राक्षांपासून होतें. त्यासहि आम्ही तोच गज लावतों.

ही खोड आमच्या वाङ्मयटीकेचीहि आहे. चांगली कृति दिसली कीं तिला ‘मराठींतील अमुक’ म्हणून मोकळें व्हावयाचें! तुलनेनें ओळख होते. मूल्य ठरत नाहीं. माळशिरसच्या उन्हांत द्राक्षास गोडी लवकर चढते व आंबटपणा लवकर ओसरतो. तो राखला गेला काय, फळाची चव उरली काय, बुडबुडे बारीक व टिकाऊ आहेत काय, हीच येथील खरी कसोटी.

मद्यपानाचा पुरस्कार मला कर्तव्य नाहीं. वर्गांत ‘एकच प्याला’ शिकविणाऱ्यास तो शोभणारहि नाहीं. परंतु आमच्या मातींतील वस्तूस तिच्याच नांवानें बरें वा वाईट म्हणण्याचें धैर्य आम्हांस केव्हां येणार?