प्रबंधात काय होतं?

नेहमी मी इथे एखादा शोधनिबंध घेते आणि तो सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते. आज निबंध नाही. एक चित्रपट आहे आणि एक प्रसिद्ध किस्सा आहे. गाडी शेवटी सांडपाण्यावर येणारच, जुन्या वाचकांनी काळजी करू नये.

निमित्त झालं ८ मार्चचं. बदलापुरातल्या एका मंडळाने 'कर्तृत्ववान महिला' म्हणून आम्हा पाच जणींचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. (त्यावर माझ्या नावाआधी 'डॉ.' छापून आलंय. प्रबंध अजून जमा व्हायचाय, त्यामुळे ते गाईडना दाखवलेलं नाही.) मग छोटीशी मुलाखत. घरच्यांनी पाठिंबा कसा दिला? लॅबमधून रात्री उशिराच्या लोकलने यायला भीती वाटत नाही का? आणि लग्नाचं काय? मी हसून उत्तरं दिली, टाळ्या पडल्या, खाली उतरले. मी संशोधन कशावर करते, हे स्टेजवर कोणी विचारलं नाही.

प्रमुख पाहुण्यांनी भाषणात डॉ. आनंदीबाई जोशींचं उदाहरण दिलं. साहजिक आहे. त्यांचं माहेर कल्याणचं. बदलापूरहून निघालं की अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि मग कल्याणच. आमच्याकडे 'मला डॉक्टर व्हायचंय' म्हणणाऱ्या प्रत्येक मुलीला हे नाव ऐकवलं जातं. पण पाहुणे दहा मिनिटं बोलले ते गोपाळरावांवर. केवढा जिद्दी नवरा, केवढा काळाच्या पुढचा! घरी आल्यावर मी समीर विद्वांस यांचा २०१९ चा 'आनंदी गोपाळ' पुन्हा लावला.

चित्रपट मला आवडतो, हे आधीच सांगते. भाग्यश्री मिलिंदने आनंदी फार समजून केली आहे आणि त्यातलं जुनं घर, जुने रस्ते खरे वाटतात. पण या वेळी मी एकच गोष्ट बघत बसले: प्रसंग पुढे कोण ढकलतंय? चिडतो गोपाळ, अडतो गोपाळ, हट्टाला पेटतो गोपाळ. आनंदी त्या हट्टाला आलेलं फळ. ललित प्रभाकरने तो तऱ्हेवाईक माणूस इतका छान उभा केलाय की तक्रार करताना मलाच वाईट वाटतं. तरी चित्रपट संपल्यावर मनात तोच उरतो.

हे या चित्रपटापासून सुरू झालेलं नाही. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' १९६८ ची. आपल्याकडे बहुतेकांना आनंदीबाई माहीत आहेत त्या या पुस्तकामुळे, आणि ती कादंबरी आहे हे आपण विसरून गेलोय. मीरा कोसंबी यांनी मूळ पत्रांच्या आधारे आनंदीबाईंवर बरंच लिहिलं, १९९६ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्यांचा सविस्तर लेख आला. त्या पत्रांमधली बाई वेगळी आहे. अमेरिकेतून ती नवऱ्याला लहानपणच्या माराची, अंगावर फेकलेल्या खुर्च्यापुस्तकांची आठवण करून देते. तुमचं वागणं चांगलं म्हणावं की वाईट हे ठरवणं अवघड आहे, अशा अर्थाचं स्पष्ट लिहिते. शिक्षणाचं श्रेयही त्यालाच देते. दोन्ही एकाच माणसाबद्दल. आपल्या सत्कारसमारंभात यातलं श्रेय तेवढं पोचतं, आणि माराचं नाव 'तळमळ' होतं.

आणि प्रबंध? मी स्वतः पाचवं वर्ष त्यातच घालवतेय, म्हणून मला हा प्रश्न पडला असेल. ११ मार्च १८८६ ला पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून आनंदीबाई पदवीधर झाल्या. त्यासाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकं, दोन्ही त्यांनी वापरली. चौदाव्या वर्षी जिचं बाळ दहा दिवसांत गेलं, ती सहा-सात वर्षांनी बाळंतपणावरच लिहायला बसते. बाळ गेलं हे आपल्याला पाठ आहे, प्रबंध मात्र एका ओळीत उरकतो. जुन्या ग्रंथांचा ती नुसता अभिमान बाळगते की त्यांना नव्या शिक्षणाची कसोटी लावते? त्या सत्कारात मला कोणी हे विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. मीही तोवर 'आनंदी गोपाळ'वालीच होते.

आता तो किस्सा. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, कमलाबाईंनी सत्याग्रह केला, अटी घालून प्रवेश मिळाला, पुढे रामन यांचं मत बदललं. हे व्हॉट्सॲपवर वर्षातून दोनदा येतं. किस्सा सांगावा असाच आहे. पण त्यातही नायक कोण? आनंदीबाईंच्या गोष्टीत दार उघडणारा पुरुष, इथे दार अडवणारा. कॅमेरा दोन्हीकडे दाराशीच थांबतो. बाई आत गेली की आपण उठून घरी.

तर आत जाऊ. १९३९ मध्ये कमलाबाईंना केंब्रिजची पीएचडी मिळाली. बटाट्यावर काम करताना त्यांना दिसलं की वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं. हे एक छोटं प्रथिन, मध्यभागी लोहाचा अणू. अन्नातून निघालेला इलेक्ट्रॉन ते एका मोठ्या प्रथिनाकडून घेतं आणि पुढच्याला देतं, कल्याणला गाडी बदलून प्रवासी पुढे जावा तसं. साखळीच्या शेवटी इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळतो आणि वाटेत सुटलेली ऊर्जा पेशी वापरते. म्हणजे बटाटा आणि तुम्ही श्वसनासाठी एकाच जातीचं यंत्र वापरता. पुढे मुंबईत त्यांनी कडधान्यांतल्या ट्रिप्सिन रोधकांवर काम केलं. हे पदार्थ प्रथिनं पचवणाऱ्या विकराला अडवतात, नीट शिजवल्यावर बरेचसे निकामी होतात. कच्चे वाल का खायचे नाहीत याचं एक कारण हे. रामन यांच्या किश्श्याइतकंच हेही सांगण्यासारखं नाही का? मला तर जास्त वाटतं.

'पहिली भारतीय महिला' या बिरुदाबद्दलही जाता जाता. कमलाबाईंना सर्रास 'विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय महिला' म्हटलं जातं, पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना १९३१ मध्येच मिशिगनची डॉक्टरेट मिळाली होती. 'पहिली' म्हटलं की काम सांगावं लागत नाही, म्हणून हा शब्द आपल्याला इतका सोयीचा.

सत्काराचं एक राहिलं. खुर्च्या उचलत असताना एक ताई जवळ आल्या. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहतात, जीन्सचे धागे कापायचं काम घरी आणतात. "मॅडम, तुम्ही करता काय नक्की?" मी सांगितलं, वालधुनीच्या पाण्यातले जिवाणू घेते आणि ते कापडाचे ॲझो रंग तोडतात का बघते. दोन नायट्रोजनमधला जोड तुटला की रंग जातो. पण मागे जे तुकडे उरतात ते कधीकधी रंगापेक्षा घातक असतात, माझा निम्मा प्रबंध त्या तुकड्यांवरच आहे.

त्यांनी तळहात पुढे केला. बोटांच्या रेघांत निळं बसलेलं. "हा पण खातात का तुमचे जंतू?"

तो इंडिगो. ॲझो नाही, त्याची रचनाच वेगळी. माझे जिवाणू मी त्याच्यावर कधी तपासलेच नव्हते, आणि तसं त्यांना सांगितलं. "मग तपासा की," त्या म्हणाल्या, आणि त्यांची रिक्षा आली.

सोमवारी बारा फ्लास्क लावले. आज चौथा दिवस. तीन फ्लास्कमध्ये निळा थोडा उतरल्यासारखा वाटतोय, पण जिवाणू न घातलेल्या एका फ्लास्कमध्येही तसंच दिसतंय, म्हणजे रंग नुसता तळाशी बसत असणार. पुढच्या आठवड्यात आलेख टाकते.