आश्रयाविना अद्भुत : नॉर्वेच्या फ्योर्डमधील जहाजांची ड्रोनचित्रे

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गैरांगर फ्योर्डमध्ये शिरणाऱ्या प्रचंड प्रवासी जहाजांची, ड्रोनच्या साहाय्याने टिपलेली चलच्चित्रे आता इतकी विपुल झाली आहेत की, त्यांचा एक स्वतंत्र प्रकारच मानावयास हरकत नाही. फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेल्या दरीत समुद्र शिरून झालेली खोल, अरुंद खाडी. गैरांगरची ही खाडी सुमारे १५ किलोमीटर लांब असून २००५ साली तिचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. या चित्रांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आरंभी निश्चल पाणी व कडे, मग एखाद्या कड्याआडून पुढे येणारा जहाजाचा पांढरा नाळेकडील भाग, त्याच्याभोवती ड्रोनची सावकाश प्रदक्षिणा, आणि अखेर मागे-मागे सरत, वर-वर चढत घेतलेला निरोप. चित्रे देखणी असतात यात शंका नाही. तथापि एक पाहिले काय आणि दहा पाहिली काय, मनात उरते ते सारखेच, आणि तेही फार काळ नाही. असे का व्हावे?

उंचीवरून पाहणे हे काही नवीन नव्हे. गैरांगरचे सर्वपरिचित चित्र, म्हणजे खाली खेळण्याएवढे जहाज व भोवती उभे कडे, ते फ्लिदाल्स्युवे येथील खडकावरून छायाचित्रकारांनी ड्रोनच्या कितीतरी आधी टिपले होते. किंबहुना उंचीच्या बाबतीत ड्रोनच उणा ठरतो. युरोपातील सर्वसाधारण नियमानुसार त्याला जवळच्या भूपृष्ठापासून १२० मीटरांपर्यंतच चढता येते. उलट डाल्स्निब्बा हे पर्यटकांचे ठिकाण समुद्रसपाटीपासून जवळजवळ १५०० मीटरांवर आहे. ड्रोनने खरी भर घातली ती गतीची, आणि माझ्या मते दोषाचे मूळही तेथेच आहे. जहाज स्वभावतः मंद. त्याची मंदता हाच त्याच्या आकाराचा पुरावा असतो. ड्रोन त्याच्याभोवती फिरू लागला की कडे सरकतात, क्षितिज सरकते, आणि जहाज चालले आहे की नांगरून उभे आहे हेच कळेनासे होते. मागे उमटलेली फेसाळ रेघ तेवढी साक्षीला राहते. चालणारी वस्तू अशा रीतीने केवळ दाखविण्याची वस्तू होते.

आपल्या रसचर्चेच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे जहाज आलंबन आहे आणि फ्योर्ड उद्दीपन. परंतु विस्मय ज्याच्या ठायी उद्भवावा तो आश्रयच नाही. निसर्गवर्णनात तरी आश्रय कोठे असतो, असा आक्षेप येथे कोणी घेईल. त्याचे उत्तर असे की, तेथे पाहणारा कवी स्वतः आश्रय होतो. त्याचे उभे राहण्याचे स्थळ, त्याचा थकवा, त्याची पाठ फिरविण्याची वेळ वर्णनात मुरलेली असते. फ्लिदाल्स्युवेच्या छायाचित्रामागेही चढून आलेले पाय होते. ड्रोनची दृष्टी मात्र कोणाचीच नव्हे. तीदेमान व गुदे या दोन चित्रकारांनी मिळून १८४८ साली रंगविलेले हार्डांगरमधील वरातीचे प्रसिद्ध चित्र या संदर्भात आठवते. गुदेने रंगविलेले पर्वत भव्य भासतात, कारण तीदेमानने रंगविलेली नावेतील माणसे त्यांचे माप होऊन बसली आहेत.

याच किनाऱ्याचे एक अगदी निराळे चित्रण उपलब्ध आहे. बर्गेनहून किर्केनेसला जाणाऱ्या ‘नूर्दनोर्गे’ या जहाजाचा संपूर्ण प्रवास नॉर्वेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने जून २०११ मध्ये अखंड प्रक्षेपित केला. तो १३४ तासांहून अधिक चालला. हे जहाज १८९३ साली सुरू झालेल्या हुर्टिगरूटन या टपाल व प्रवासी सेवेतील. मुंबईहून कोकणच्या बंदरांना जाणाऱ्या आगबोटींच्या गोष्टी ज्यांनी घरी ऐकल्या आहेत, त्यांना अशा सेवेचे किनाऱ्याशी जडणारे नाते समजावून सांगावे लागू नये. कंटाळवाणे प्रसंग या प्रक्षेपणात पुष्कळच होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु पडद्यावर आपले गाव जवळ येताना पाहून लोक धक्क्यावर धावले, निशाणे हालवू लागले, छोट्या होड्या घेऊन जहाजासोबत निघाले. पाहणारे व पाहिले जाणारे यांची येथे अदलाबदल झाली, आणि जहाजाची भव्यता त्या हातांच्या मापाने मोजली गेली.

ड्रोनचित्रांत ही माणसे दिसत नाहीत. ऐकू तर मुळीच येत नाहीत. स्वतःच्या पात्यांच्या घरघरीमुळे ड्रोनवरून ध्वनिमुद्रण करणे निरुपयोगी, म्हणून वरून संगीत चढवितात. परिणामी ‘सात बहिणी’ हा धबधबा मुका, जहाजाचा भोंगा मुका. धूरही सहसा चौकटीबाहेर राहतो. हा केवळ तपशील नव्हे. दोनतीनशे वस्तीच्या गैरांगर गावावर हजारो प्रवासी घेऊन येणाऱ्या जहाजांचा धूर साचत असे, हा तेथील दीर्घकाळचा वाद आहे. २०१८ साली नॉर्वेच्या संसदेने या वारसा-फ्योर्डांतून उत्सर्जनमुक्त वाहतुकीचा आग्रह धरला, आणि नंतरच्या नियमांत मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत सवलत मिळाली. ज्या जहाजाबद्दल गाव भांडत आहे तेच जहाज चित्रात निष्कलंक दिसावे, तर ते सौंदर्य कोणाच्या सोयीचे, हा प्रश्न समीक्षकाला टाळता येणार नाही.

अपवाद क्वचित आढळतात. एखादा चित्रणकार ड्रोनला पाण्यावर जवळजवळ खुंटीला टांगल्यासारखा स्थिर ठेवतो, आणि जहाजाला चौकटीच्या एका कडेतून दुसऱ्या कडेपर्यंत स्वतःच्या चालीने जाऊ देतो. दोन-तीन मिनिटे काहीच घडत नाही. मग जहाज निघून जाते, फेसाची रेघ रुंदावत विरते, आणि बऱ्याच वेळाने तिची लाट खडकाला येऊन लागते.