पीळ मोजला, पण तो कोणाचा?

पेपर समजणं वेगळं आणि पेपर तपासणं वेगळं. आज एक गाजलेला पेपर तपासू: फुरुयामा आणि हेनिकॉफ यांचा, २००९ साली 'सेल'मध्ये आलेला. त्यांचा दावा असा की सेंट्रोमिअरवरचे न्यूक्लिओसोम डीएनएमध्ये धन सुपरकॉइल निर्माण करतात. त्यावरून पुढचा निष्कर्ष असा, की तिथे डीएनए नेहमीच्या उलट, म्हणजे उजव्या हाताने गुंडाळलेला असतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. साध्या न्यूक्लिओसोममध्ये १४७ बेस-जोड्यांचा डीएनए आठ हिस्टोनच्या गठ्ठ्याभोवती डाव्या हाताने साधारण १.६५ वळसे घेतो. त्यामुळे लिंकिंग नंबर सुमारे १ ने कमी होतो. सेंट्रोमिअरवर एच३ हिस्टोनच्या जागी त्याचा भाऊबंद येऊन बसतो. माणसात त्याला सेन्प-ए म्हणतात, पावाच्या यीस्टमध्ये सीएसई४. या यीस्टचा सेंट्रोमिअर जेमतेम १२५ बेस-जोड्यांचा आहे, म्हणून असा प्रश्न विचारायला तो फार सोयीचा.

मग हे मोजतात कसं? यीस्टमध्ये डीएनएचं छोटं बंद वर्तुळ, म्हणजे मिनिक्रोमोसोम वाढवायचं आणि बाहेर काढून सगळी प्रथिनं धुऊन टाकायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसंच इथे होतं. प्रथिनं गेली तरी वर्तुळ तुटलेलं नसल्याने लिंकिंग नंबर तसाच राहतो. क्लोरोक्विन घातलेल्या जेलवर टोपोआयसोमरची शिडी दिसते. सेंट्रोमिअर असलेलं वर्तुळ आणि नसलेलं वर्तुळ यांची तुलना केली की फरक हातात येतो.

आता इथे थांबा. जेलने काय सांगितलं? अख्ख्या वर्तुळाची बेरीज. त्यात सीएसई४ चा वाटा किती, हे जेल सांगत नाही. घराचं वीजबिल वाढलं म्हणून दोष फ्रीजचाच, असं म्हणता येईल का? यीस्टच्या सेंट्रोमिअरवर सीएसई४ एकटा नसतो. सीडीई-१ या तुकड्यावर सीबीएफ१ बसतं, सीडीई-३ वर सीबीएफ३ हे मोठं संकुल बसतं. तेही डीएनए वाकवू शकतात.

शंका रास्त होती, हे पुढे दिसलं. २०११ साली मानवी सेन्प-ए न्यूक्लिओसोमची स्फटिकरचना आली. तिच्यात डीएनए डाव्या हातानेच गुंडाळलेला होता. मग २०१५ साली बार्सिलोनाच्या रोका गटाने सेंट्रोमिअरचे घटक एकेक करून बिघडवून पाहिले. सेंट्रोमिअरचा वाटा +०.६ निघाला. तो सीडीई-२ आणि सीडीई-३ शाबूत असण्यावर अवलंबून होता. सीबीएफ१ चं बसणं आणि सीडीई-२ ची लांबी यांनी मात्र फरक पडला नाही. त्यांचा अर्थ असा: सीबीएफ३ डीएनएचा उजवा फास तयार करतं आणि सीएसई४ त्यात येऊन बसतो. म्हणजे हिस्टोन स्वतः उजवा असण्याची गरजच नाही.

बरं, म्हणून २००९ चा पेपर टाकाऊ ठरतो का? अजिबात नाही. धन सुपरकॉइल खरा आहे, २०१५ च्या आकड्याचं चिन्हही धनच आहे. शिवाय ड्रोसोफिलाच्या हिस्टोनवर परीक्षानळीत केलेला त्यांचा प्रयोग हा वेगळा पुरावा आहे, आणि यीस्टमधल्या सीबीएफ३ कडे बोट दाखवून तो निकालात निघत नाही. स्फटिकरचनेलाही मर्यादा आहेच. तिथला डीएनए आखूड आणि मोकळ्या टोकांचा, त्यात पीळ साठून राहत नाही. आणि २०१५ मधला फास? तोही आकड्यांवरून काढलेला तर्कच, डोळ्यांनी पाहिलेला आकार नव्हे.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. अशा वजाबाकीत प्रत्येक साध्या न्यूक्लिओसोमचा वाटा −१ धरण्याची रीत होती. २०१८ साली याच रोका गटाने यीस्टच्या पेशीत तो सरासरी −१.२६ मोजला. पायाच हलला की वरची वजाबाकी पुन्हा करून बघावी लागते.

तेव्हा जर्नल क्लबला पेपर मांडाल तेव्हा वहीत दोन रकाने करा: 'मोजलं काय' आणि 'म्हटलं काय'. दोन्हींच्या मध्ये जी उडी आहे, ती कोणत्या कंट्रोलने भरून निघेल ते लिहा. या पेपरच्या बाबतीत सीबीएफ३ चा वाटा वेगळा काढणं, हीच ती उडी होती. तिच्यातूनच २०१५ चा पेपर उभा राहिला. तुमच्या प्रबंधाचा प्रश्नही बहुधा अशाच एखाद्या उडीत सापडेल.