क्रुसेडच्या पटावरील ‘नये’

मेजावर सैनिकांच्या लहान प्रतिमा मांडून खेळावयाच्या युद्धखेळास एच. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’ (१९१३) या पुस्तकापासून आजतागायत नियमग्रंथांची मोठी परंपरा लाभली आहे. त्यात एका लढाईचा डाव आणि अनेक डाव गुंफणारी मोहीम असे दोन प्रकार आढळतात. डावात दोन सैन्ये समोरासमोर उभी असतात, फासे पडतात आणि काही तासांत निकाल लागतो. मोहिमेत नकाशा, रसद आणि ऋतुमान यांचा हिशेब असतो. शिवाय भिडूंच्या गुप्त आज्ञा वाचून त्यांची गाठ कोठे पडते, किंबहुना पडते की नाही, हे ठरविणारा एक पंच असतो. डाव हे वाक्य मानले तर मोहीम ही संहिता होय. आणि केवळ वाक्याच्या व्याकरणाने संहितेचा उलगडा होत नाही, हे भाषाभ्यासकांस नव्याने सांगावयास नको.

क्रुसेडकाळातील हत्तीनची लढाई (४ जुलै ११८७) हा अशा मेजावरचा आवडता डाव. परंतु सोंगट्या मांडल्या जातात त्या वेळी जे ठरावयाचे ते ठरून गेलेले असते. २ जुलैला सलाउद्दीनने तिबेरियासवर हल्ला केला तेव्हा राजा गी याचे फ्रँक सैन्य सफ्फूरियाच्या झऱ्यांपाशी, पाण्याच्या आधाराने, तळ देऊन होते. तिबेरियासच्या गढीत त्रिपोलीच्या रेमंडची स्वतःची पत्नी अडकलेली होती. तरी ‘तेथे जाऊ नये’ असा सल्ला त्यानेच दिला. रात्री टेंपलर संघाचा प्रमुख जेरार याने राजाचे मन फिरविले, आणि ३ जुलैला भर उन्हात, वाटेत पुरेसे पाणी नसलेल्या प्रदेशातून कूच झाले. दुसऱ्या दिवशी लढले ते तहानेने खचलेले सैन्य. हे सारे मेजावर जसेच्या तसे आणले तर फ्रँक भिडूस करण्याजोगे फारसे उरत नाही. दोघांस समान संधी दिली तर जे खेळले जाते त्यास हत्तीन म्हणता येत नाही.

मराठीत नकाराचे प्रकार अनेक आहेत. ‘नाही’ने वस्तुस्थिती नाकारली जाते, ‘नको’ने इच्छा, ‘नये’ने औचित्य. एका मेजावरील डावास यांतील पहिलाच नकार ठाऊक असतो: हल्ला साधला किंवा साधला नाही. रेमंडचा ‘नये’ तेथे उच्चारताच येत नाही, कारण दोन्ही सैन्ये लढणार हे डाव मांडतानाच गृहीत धरलेले असते. मोहिमेचे प्रयोजन मला मुख्यतः येथे दिसते.

आर. सी. स्मेल यांनी ‘क्रुसेडिंग वॉरफेअर’ (१९५६) या ग्रंथात मैदानी लढाई टाळण्याचे लष्करी मोल समजावून दिले आहे. ११८३ ची मोहीम हे त्याचे ठळक उदाहरण. सलाउद्दीन राज्यात घुसला असता हाच गी, तेव्हा राजप्रतिनिधी, झऱ्यांपाशी ठाण मांडून बसला. लढाई दिली नाही. रसद संपत आली तेव्हा सलाउद्दीन परतला. तुर्क, कुर्द, अरब अशा नाना तुकड्यांचे त्याचे सैन्य (‘सॅरासेन’ या एका नावाने त्यांची बोळवण करणे इतिहासास आणि भाषेस सारखेच अन्यायाचे) फार काळ एकत्र ठेवणे सोपे नव्हते. म्हणजे ‘नये’ यशस्वी झाला. पण गीच्या वाट्यास भ्याडपणाचा ठपका आला आणि त्याच वर्षी त्याचा अधिकारही गेला. चार वर्षांनी सफ्फूरियाच्या तळावर जो राजा निर्णय घेत होता, त्याच्या मागे हा अनुभव होता.

म्हणून ही मोहीम ११८७ पासून नव्हे, ११८३ पासून सुरू करावी, असे माझे मत आहे. महिनोन्‌महिने सोंगट्या रंगविलेल्या भिडूंस त्या मेजावर आणण्याची घाई असते, आणि चतुर भिडू लढाई टाळू लागला की बाकीचे कंटाळतात, अशी तक्रार पंच नेहमी करतात. मला हा दोष वाटत नाही. गीच्या सरदारांची अधीरता याहून फार निराळी नसावी. पंचाने ती दडपू नये. प्रत्येक टाळलेल्या लढाईमागे सेनापतीची पत घटेल आणि पत संपताच सेनापतिपद जाईल, असा साधा नियम करून तिला पटावर स्थान द्यावे. तसेच मैदानात येणारी प्रत्येक फ्रँक सोंगटी कोणत्या तरी गढीच्या शिबंदीतून वजा व्हावी. हत्तीनसाठी गढ्या अशाच रित्या झाल्या होत्या. पुढे एकामागून एक ठाणी पडत जाऊन २ ऑक्टोबर ११८७ रोजी जेरुसलेम शरण आले. दोन्ही बाजूंस प्रत्येकी १२ घटक देणारा ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ (१९९०) हा नियमग्रंथ डावासाठी सुटसुटीत आहे. या वजाबाकीसाठी मात्र ती समता सोडावी लागेल.

नावांविषयी एक सूचना. सलाउद्दीनच्या बाजूच्या आज्ञापत्रांत शत्रूस ‘क्रुसेडर’ म्हणू नये. अरबी बखरकार त्यांस फ्रँक या अर्थी ‘इफ्रंज’ म्हणत, आणि आपला ‘फिरंगी’ त्याच शब्दकुळातून फारसीमार्गे मराठीत उतरला आहे.

एकाच मेजावर ‘नये’ खेळता येईल अशी एक लढाई मात्र आहे: आर्सुफ (७ सप्टेंबर ११९१). समुद्रकाठाने चाललेल्या सैन्यास, बाणांचा वर्षाव सोसावा पण इशारा होईपर्यंत हल्ला करू नये, अशी रिचर्डची आज्ञा होती. पिछाडीचे हॉस्पिटलर इशाऱ्याआधीच तुटून पडले आणि रिचर्डला सबंध सैन्य त्यांच्यामागे सोडावे लागले. तेथे आज्ञापालनाचा फासा प्रत्येक खेळीस टाकावा, आणि तो भिडूने नव्हे, पंचाने टाकावा.