‘साध्या कुटुंबा’तली गुणवत्ता

गेल्या वर्षी आमच्या कंपनीने रौप्यमहोत्सवी स्मरणिका काढली. जुन्या माणसांनी आपल्या वाटचालीवर लिहावे असे ठरले. २२ वर्षे मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. मीही चार पाने लिहिली. छापून आली तेव्हा ती इतरांच्या लेखांत अशी मिसळून गेली होती की नाव झाकले तर कुणाची हे ओळखू येऊ नये. जन्मभर दलित आत्मकथने वाचत आलेल्या माणसाने असे लिहावे, याचा जाब मला स्वतःला द्यावासा वाटतो.

संगणक-व्यवसायातल्या आठवणींचा साचा आता पक्का झाला आहे. एका लहान गावातून, साध्या कुटुंबातून आलो; परीक्षेत यश मिळाले; पहिली नोकरी, पहिली परदेशवारी, रात्रभर जागून वेळेत पुरे केलेले काम; शेवटी तरुणांना चार शब्द. नायक नेहमी शून्यातून निघतो. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू झाली ती नारायण मूर्तींना त्यांच्या पत्नीने दिलेल्या १०,००० रुपयांवर, ही कथा शाळकरी पोरांनाही पाठ आहे. कथा खोटी नाही. पण मूर्ती १९६९ साली कानपूरच्या ज्या आयआयटीतून एम.टेक. झाले, तिथे १९६३ सालीच अमेरिकी मदतीने आयबीएम १६२० हा संगणक येऊन बसला होता. संस्था सरकारी, म्हणजे जनतेच्या पैशावर चालणारी. आणि आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आल्या त्या १९७३ साली! मूर्तींच्या बुद्धीविषयी वा कष्टांविषयी इथे शंका नाही. आक्षेप आहे तो कथनावर. १०,००० रुपये मोजले जातात, तो संगणक मोजला जात नाही. आणि त्या खोलीच्या दाराबाहेर कोण राहिले हे तर कुणी विचारतही नाही.

या साच्यातला सर्वांत लबाड शब्द ‘साधे कुटुंब’ हा आहे. सवर्ण लेखक तो वापरतो तेव्हा घरातली दोन पिढ्यांची पुस्तके, शहरातला काका, इंग्रजी बोलणारी आत्या हे सारे त्याखाली झाकले जाते. आम्ही वापरतो तेव्हा वस्ती झाकली जाते. एकच शब्द दोघांच्या उपयोगी पडतो आणि दोघेही एकाच रांगेतून निघाल्याचा देखावा उभा राहतो. या देखाव्यालाच पुढे ‘गुणवत्ता’ म्हणतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. यंत्राने मला विटाळ मानला नाही. प्रोग्रॅम चुकला तर चुकला, चालला तर चालला. आडनावावर तो अडला नाही. माझ्यासारख्याला याचे केवढे सुख होते, हे ज्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतले गेले त्यालाच कळेल. पण पगारवाढ यंत्र ठरवत नाही. ओळखीच्या माणसाने आणलेला उमेदवार घेणे, तो ‘आपल्या वातावरणात बसेल का’ हे पाहणे, परदेशी कुणाला धाडायचे ते ठरवणे ही सारी माणसांची कामे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांकडे धाडले होते. दलित आडनावांना बोलावणी कमी आली. त्याच वर्षीच्या जोधका आणि न्यूमन यांच्या अभ्यासात मालक-व्यवस्थापक मंडळी जात पाहत नाही असे सांगतात, आणि ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ मात्र आवर्जून विचारतात. खासगी कंपनीत राखीव जागा नाहीत, म्हणून जातीची नोंद नाही; नोंद नाही म्हणून जातच नाही, असा हा न्याय आहे. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर खटला भरला, तेव्हा एका दलित अभियंत्याचा आयआयटी-प्रवेश राखीव जागेवरचा असल्याचे त्याच्या वरिष्ठाने सहकाऱ्यांत सांगितले, असा आरोप त्यात होता. पुढे २०२३ साली त्या दोन वरिष्ठांवरची कारवाई राज्याने मागे घेतली. न्यायालयाचे काय व्हायचे ते होवो. आमच्यापैकी ज्यांनी ती बातमी वाचली त्यांनी ती घरी वाचली, कचेरीत नाही.

मग ही माणसे लिहीत का नाहीत? भीती हे एक कारण. दुसरे कारण आमच्या समीक्षेत आहे. भूक, वस्ती, मेलेले ढोर यांपलीकडचा अनुभव आला की आमचे समीक्षक त्याला ‘पांढरपेशा’ म्हणून बाजूला सारतात. जणू वातानुकूलित खोलीत जात शिरत नाही! वास्तविक ‘बलुतं’ने १९७८ सालीच वाट दाखवली होती. तिथे नोकरदार, लेखक दया पवारांसमोर दगडू मारुती पवार येऊन बसतो आणि आपले जिणे सांगू लागतो. एकाच माणसाची ही दोन रूपे, आणि त्यांचे एकमेकांशी धड जमत नाही. संगणकावर बसणाऱ्या दलिताचे हेच तर दुखणे आहे. त्याच्या दगडूला कचेरीच्या फाटकावर ओळखपत्र मिळत नाही.

माझा दगडू एकदा आत आला होता. आमच्या मजल्यावर संडास-सफाईला कंत्राटदाराकडची एक मावशी होती. एप्रिल महिना होता. माझ्या मोबाइलवर बाबासाहेबांचे चित्र होते. ते तिच्या दृष्टीस पडले. तिने आजूबाजूला पाहिले आणि हळूच म्हणाली, “जयभीम, साहेब.” मागे आमच्या गटातले दोघे हात धूत उभे होते. मी म्हणालो, “नमस्कार, मावशी.” तिने बादली उचलली. नंतर ती मला ‘सर’ म्हणू लागली. पुढे कंत्राट बदलले आणि ती दिसेनाशी झाली.

त्या चार पानांत ही मावशी नाही. माझ्या पहिल्या परदेशवारीवर मात्र पाऊण पान आहे, त्यात विमानातल्या जेवणाचेही वर्णन आहे.